शाळेतल्या 'तासाला' इंग्रजीत नक्की काय म्हणायचं? पिरियड, क्लास, लेसन का लेक्चर?

आधी हे बघा की तुम्ही नक्की कशाबद्दल बोलताय, कारण आपला 'तास' दोन-तीन कामं एकटाच करतो. 'तिसरा तास गणिताचा आहे' म्हणताना तुम्हाला वेळापत्रकातला चौकोन सांगायचाय, तिथे पिरियड. मग तो ३५ मिनिटांचा असो का ४५चा, तो पिरियडच. पण 'आजचा तास मस्त झाला' यात तुम्ही शिकवण्याबद्दल बोलताय ना, तिथे लेसन किंवा क्लास म्हणा, 'द पिरियड वॉज नाइस' विचित्र वाटतं. ब्रिटिश लोक सर्रास मॅथ्स लेसन म्हणतात, अमेरिकन मॅथ क्लास म्हणतात (आणि हो, त्यांच्या मॅथला शेवटी एस नसतो, त्यावरून कुणाशी वाद घालू नका). क्लासची एक गोची आहे, तो मुलांच्या गटालाही वापरतात, त्यामुळे 'माय क्लास इज नॉइझी' म्हणजे पोरं दंगा करतायत.

लेक्चर मात्र शाळेसाठी शक्यतो टाळाच. ते कॉलेजात, एकजण बोलतोय आणि बाकीचे लिहून घेतायत असं. शाळेतल्या मुलाने 'टीचर गेव्ह मी अ लेक्चर' असं लिहिलं तर वाचणारा समजेल की बाईंनी याला चांगलंच झापलं. आणि तासाचं शब्दशः 'अवर' करू नका, अमेरिकेतल्या काही शाळांत थर्ड अवर म्हणतात खरं पण बाकीच्यांना ते घड्याळातलं वाटतं.

मधल्या सुट्टीला आपल्याकडे रिसेस म्हणतात, अमेरिकेतही चालतं पण तिथे ते मुख्यतः लहान मुलांच्या खेळण्याच्या वेळेला, जेवणाचा वेळ म्हणजे लंच. ब्रिटनमध्ये ब्रेक आणि लंच ब्रेक, तिथे रिसेस म्हटलं की संसदेची सुट्टी आठवते. स्कॉटलंडमध्ये इंटरव्हल. कोण वाचणार हे माहीत नसेल तर सरळ ब्रेक लिहा, सगळीकडे कळतं.

ऑफ पिरियड हा आपला भारतीय शब्द, बाहेरच्यांसाठी फ्री पिरियड लिहा. सर आले नाहीत म्हणून दुसरे सर वर्गावर येतात त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो, पण बाहेर प्रॉक्सीचा हा अर्थ कुणाला कळत नाही, ब्रिटनमध्ये तो तास म्हणजे कव्हर लेसन आणि अमेरिकेत ते बदली सर म्हणजे सबस्टिट्यूट टीचर. परिपाठाला असेंब्ली बरोबर आहे. फक्त हजेरीसाठी सकाळी वर्गात बसतात तो वेळ ब्रिटनमध्ये रजिस्ट्रेशन, अमेरिकेत होमरूम.

सेशन शाळेच्या तासाला नको, पण सकाळचं सत्र-दुपारचं सत्र असेल तर मॉर्निंग सेशन एकदम योग्य. जोडून दोन तास असतील तर डबल पिरियड. अर्जात किंवा सीव्हीत लिहिणार असाल तर 'आठवड्याला ३० पिरियड्स' यापुढे एक पिरियड किती मिनिटांचा तेही टाका, नाहीतर बाहेरच्या शाळेला काहीच अंदाज येत नाही, कारण तिकडे ८०-९० मिनिटांचे ब्लॉकसुद्धा असतात.