ट्रेलर थंड ठेवण्यासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: आमचा 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) 7 वर्षं जुना आहे. मी, पत्नी आणि पंचाहत्तरीची आई, असे वर्षाकाठी 40 एक रात्री त्यात राहतो. त्यातल्या 6-7 रात्री विजेची जोडणी नसलेल्या जागी जातात. ऐन उन्हाळ्यात छतावरचा 13,500 बीटीयूचा (बीटीयू हे गार करण्याच्या ताकदीचं माप) एसी अखंड चालूनही दुपारी आतलं तापमान 31-32 अंशांखाली येत नाही. विक्रेत्याने दुसरा एसी, 12 व्होल्टची 400 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि 800 वॅटचे सोलर पॅनल असं पॅकेज सुचवलं आहे. त्याची किंमत ट्रेलरच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मी आहे. पाचवा हिस्सा रोख आणि बाकी 12 टक्क्यांनी 5 वर्षांचं कर्ज. रोख रक्कम आणीबाणीच्या निधीतून काढली, तर तो 4 महिन्यांच्या खर्चावरून 2 महिन्यांवर येईल. हे पॅकेज घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका. ट्रेलर गार हवा ही तुमची गरज खरी आहे, आई सोबत असताना तर फारच. पण या पॅकेजमध्ये दोन वेगळ्या अडचणी एकाच बिलात बांधल्या आहेत आणि त्यातला महागडा भाग तुमच्या मुख्य अडचणीला हातही लावत नाही.

जोडणी असलेल्या जागी दुपारी ट्रेलर तापतो, ही पहिली अडचण. जोडणीच नसलेल्या 6-7 रात्री, ही दुसरी. बॅटरी, इन्व्हर्टर आणि पॅनल दुसरीसाठीच आहेत. म्हणजे कर्ज फिटेपर्यंतच्या 5 वर्षांत जेमतेम 30-35 रात्री. त्या तीन वस्तूंच्या किमतीला 35 ने भागा आणि येणारा आकडा जोडणी असलेल्या जागेच्या एका रात्रीच्या भाड्याशेजारी लिहा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होईल.

बरं, त्या रात्री तरी गार जातील का? 400 अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण 5 युनिट वीज मावते. तुमच्यासारखा एसी चालताना 1,400 वॅटच्या आसपास ओढतो. इन्व्हर्टरमधली घट धरली तर अखंड चालवून सव्वातीन तासांत बॅटरी संपते. रात्री कॉम्प्रेसर अधूनमधून थांबेल, तेव्हा थोडी जास्त टिकेल. छतावर आडवे बसवलेले 800 वॅटचे पॅनल चांगल्या दिवशी 3 ते 4 युनिट देतात, तेही ट्रेलर रणरणत्या उन्हात उभा असेल तरच. आणि तुम्हाला तर सावली हवी आहे! हा विरोध विक्रेत्याने तुम्हाला सांगायला हवा होता.

आता दुपारचा उकाडा. 13,500 बीटीयूचा एसी सगळं ठीक असताना साधारण 4 किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. दुपार कलल्यावर पश्चिमेच्या उघड्या काचेतून दर चौरस मीटरमागे अर्धा किलोवॅट किंवा त्याहून जास्त उष्णता सहज आत येते. त्या बाजूला दोन चौरस मीटर काच असेल, तर एसीच्या ताकदीचा चौथा हिस्सा किंवा अधिक तिथेच खर्ची पडतो. शिवाय ट्रेलरच्या भिंती घराच्या भिंतींपेक्षा कितीतरी पातळ, आणि छत दिवसभर तापतं. गळक्या टाकीला मोठा नळ जोडण्याआधी आपण भोक बुजवतो, तसंच इथे करा.

म्हणून खिशात हात घालण्याआधी एक थर्मामीटर घ्या. एसी अर्धा तास चालल्यावर तो आत ओढतो ती हवा आणि झडपेतून येणारी हवा, दोन्हींचं तापमान मोजा. फरक 8 ते 11 अंश असेल तर एसी आपलं काम करतोय, उष्णता आत जास्त येतेय. फरक त्याहून कमी असेल तर फिल्टर आणि कॉइल साफ करून घ्या. छतातली गार हवेची वाट आणि परतीच्या हवेची वाट यांच्यात फट आहे का, तेही बघायला सांगा. 7 वर्षांच्या ट्रेलरमध्ये अशी फट सापडणं नवलाचं नाही. ती चिकटपट्टीने बंद होते आणि मग दुसरा एसी घेण्याचं कारणच कदाचित उरणार नाही.

एसी ठीक निघाला, तर काचांना बाहेरून परावर्तक आच्छादन लावा. आतल्या पडद्यापाशी येईपर्यंत ऊन काच ओलांडून आलेलं असतं. हवा खेळण्यासाठी छतात असलेल्या 14 इंची झरोक्यांमध्ये (एसीच्या झडपांमध्ये नव्हे) फोमच्या उशा बसवा, छताला पांढरा परावर्तक लेप द्या, मोठ्या काचांची बाजू पश्चिमेला येणार नाही असा ट्रेलर उभा करा आणि दुपारचा स्वयंपाक बाहेर करा. हे सगळं मिळून पॅकेजच्या किमतीचा अगदी लहान हिस्सा होईल, आणि तो मासिक बचतीतून निघावा.

एवढं करून पुढचा उन्हाळा काढा. तरीही आत 30 च्या खाली येत नसेल, तर दुसऱ्या एसीचा विचार करायला माझी हरकत नाही. पॅकेजमधली तीच एक वस्तू मुख्य अडचणीवर चालते. मात्र तुमची जोडणी 30 अँपिअरची असेल, तर 120 व्होल्टला तिची मर्यादा 3,600 वॅट आहे. दोन एसी 2,800 घेतात, वर पाणी तापवायचं किंवा मायक्रोवेव्ह लावायचा म्हटलं की ब्रेकर पडतो. वायरिंग बदलायचा खर्च त्या किमतीत धरा.

कर्जाबद्दल. घटत्या शिलकीवर 12 टक्के व्याजाने 5 वर्षांत दर 100 मागे सुमारे 133 फेडावे लागतात. आणि ट्रेलर विकताना बसवलेल्या सामानाचे पूर्ण पैसे कोणी देत नाही. आणीबाणीचा निधी तर अजिबात मोडू नका. 7 वर्षांच्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने जातात, छताचे सांधेही पुन्हा सील करावे लागतात. हे खर्च दारात उभे आहेत, आणि घरात 75 वर्षांची व्यक्ती असताना मी तुम्हाला 4 नव्हे, 6 महिन्यांचा निधी ठेवायला सांगेन.

आईंसाठी विनाजोडणीच्या रात्री कडक उन्हाळ्यात ठेवूच नका. हवा 35 अंशांवर गेली की वयस्कर माणसाला नुसत्या पंख्यावर ठेवणं धोक्याचं आहे. अशा ठिकाणी जायचंच असेल तर उंचावरची जागा निवडा. दर 1,000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जनरेटर हवा वाटला तर आधी एकदा भाड्याने आणून पाहा. तो खिडकी-दारापासून लांब ठेवा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते तपासा.

वर्षभर ट्रेलरमध्येच राहणार असता, तर माझं उत्तर बरंच वेगळं असतं. पण 40 रात्रींसाठी नाही. विक्रेत्याकडे परत जाल तेव्हा चारही वस्तूंचे आणि बसवण्याच्या मजुरीचे दर वेगवेगळे लिहून मागा. ते हातात येईपर्यंत सही करू नका, सवलत या आठवड्यापुरतीच आहे असं सांगितलं तरी.