सागवानी कपाटाचा कुबट वास: पुढून पुसून जाणार नाही, आतून काढावा लागेल

आजीचं सागवानी कपाट राजापूरहून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणलंत, पुसलंत, डांबरगोळ्या ठेवल्यात, तरी साड्यांना कुबट वास लागतो, असं तुम्ही लिहिलंय. विकायचा विचार मात्र मनातून काढून टाका. असं जुनं, मुरलेलं सागवान आता सहज मिळत नाही, आणि हा वास जातो.

डांबरगोळ्या आजच काढा. त्यांनी ओल कमी होत नाही, उलट त्यांची वाफ लाकडात मुरते आणि तोही वास जाता जात नाही. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं एकही दुपटं या कपाटात ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

आता कपाट रिकामं करून खण उलटे करा. जुन्या कपाटांना पॉलिश बहुधा दर्शनी बाजूलाच असतं. खणांचे तळ, फळ्यांची खालची अंगं, पाठ हे सगळं कोरं. कोकणात पावसाळाभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. कोरं लाकूड ती ओल पितं, मग बुरशी धरते. तुम्हाला येतो तो वास या बुरशीचा.

म्हणून आधी सुकवणं, आणि इथे घाई नको. खण बाहेर, दारं उघडी, समोर पंखा. कडक उन्हात ठेवलंत तर फळ्या वाकतात, सांधे उघडतात. सावलीत, पण वारा लागेल असं ठेवा आणि कोरड्या दिवसांत जमेल तितके दिवस राहू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. नुसत्या सुकवण्यानेच निम्मा वास गेलेला मी बऱ्याच कपाटांत पाहिलाय.

मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडका घट्ट पिळून, आतली कोरी बाजू पुसा. पाणी ओतू नका. पॉलिशवर व्हिनेगर लावू नका. खायचा सोडा किंवा चुना लाकडावर चोळू नका, डाग पडतात. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या असतील तर कोरडं झाडू नका. मास्क लावून, आधी ओलं करून उचला. मूत मुरलेली फळी मात्र कितीही पुसली तरी पावसात पुन्हा वास मारते. ती बदललेली बरी. खणाचा तळ बदलणं हे सुताराचं किरकोळ काम आहे.

पुन्हा पूर्ण सुकलं की बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, भुसा पुसून घ्या आणि कोऱ्या बाजूंना लाखेचं पॉलिश द्या. हार्डवेअरच्या दुकानात चपडा लाख मिळते. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम रात्रभर विरघळवा, गाळा, पातळ दोन हात मारा. खिडक्या उघड्या आणि जवळ आग नको. स्पिरिट पटकन पेटतं. लाख उरलासुरला वास आतच कोंडते आणि जुन्या पॉलिशशी तिचं जमतं. आतून तेल मात्र कुठलंही लावू नका, खोबरेलही नाही आणि जवसाचंही नाही. बंद कपाटात तेल खवट होतं आणि तो वास कुबटपणापेक्षा चिवट असतो.

कापूर, कडुलिंबाचा पाला, वाळा हे सगळं नंतर, हौस म्हणून. मला स्वतःला वाळा आवडतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. साड्या लगेच भरू नका. धुतलेला सुती रुमाल आत ठेवून दारं दोन दिवस बंद करा आणि मग रुमाल हुंगा. वास आला तर प्रत्येक खणात वेगळा रुमाल ठेवून बघा, म्हणजे नेमकी कुठली फळी त्रास देतेय ते कळेल आणि तेवढीच बदलता येईल.