माळ डिकीत, अण्णा घरात

"ताई, माझं वय 47. सातारा जिल्ह्यात राहतो, सहकारी बँकेत नोकरी. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत. वय 78. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात त्यांची उभी हयात गेली. आमच्या घरात देव्हारा नाही. माझं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, घराची वास्तुशांत केली नाही. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. दोन वर्षांपूर्वी बायको कॅन्सरनं गेली. तिचं माहेर वारकरी. गेल्या आषाढात सासूबाईंची औषधं घरी राहिली, ती द्यायला लोणंदच्या पालखीतळावर गेलो. 'बस जरा' म्हणाल्या म्हणून हरिपाठाला बसलो आणि रात्री तिथंच राहिलो. तेव्हापासून दर एकादशीला शेजारच्या गावात भजनाला जातो. घरी सांगतो, ऑडिट आहे. सासूबाईंनी दिलेली तुळशीची माळ स्कूटरच्या डिकीत असते. परवा ती मुलीला सापडली. सोळा वर्षांची आहे. म्हणाली, 'बाबा, तुम्ही आता देव मानता?' मला उत्तर देता आलं नाही. देव आहे असं मला आजही वाटत नाही, पण बुधवारी एकादशी असली की सोमवारपासून मन तिकडं लागतं. हा दुबळेपणा आहे का? मी अण्णांना फसवतोय की स्वतःला? यंदा आषाढीला चालत जावं असं मनात आहे."
– अर्धवट नास्तिक

दादा,

आधी मुलीचं बघू. अण्णांनी आयुष्यात बरंच काही पचवलंय, तेही पचवतील. पोरगी सोळाची आहे आणि तिची आई गेलीय.

तिनं देवाबद्दल विचारलं, पण तिला लागलंय ते वेगळंच असावं. महिन्यातल्या दोन संध्याकाळी बाबा ऑडिटला जातात असं ती धरून चालली होती आणि परवा डिकीत आजीची माळ निघाली. आईच्या माहेरची वस्तू तुमच्याकडं आहे, तुम्ही आईच्या माणसांत जाऊन बसता, आणि हे तिलाच ठाऊक नाही. त्या संध्याकाळी ती घरात अण्णांबरोबर बातम्या बघत बसलेली असते. आईची आठवण तिलाही येत असणार ना? तेव्हा उत्तर सोपं आहे, ते आजच द्या. 'देव आहे असं मला वाटत नाही. पण तिथं बसलं की तुझ्या आईचं जे आत साचलंय ते हलतं. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.' एवढंच. ती पुढं काही विचारेल किंवा विचारणार नाही. बरोबर येतेस का, असं मात्र लगेच विचारू नका. तिचं दुःख तिला तिच्या पद्धतीनं करू द्या.

आता दुबळेपणा. हा शब्द तुम्ही अण्णांच्या तोंडचा उचललाय असा माझा संशय आहे, आणि अण्णांनी तो कदाचित कधी उच्चारलाही नसेल.

तुम्ही भजनाला जाता तेव्हा काय घडतं ते नीट आठवा. देवळात पोचता तेव्हा पखवाजवाला डाव्या पुडीला ओली कणीक थापत असतो आणि बाकीचे उसाच्या बिलावर बोलत असतात. कुणी सरकून जागा देतं, कुणी टाळ पुढं करतं. वीणेकरी उभा राहिला की गप्पा थांबतात आणि हरिपाठ सुरू होतो. मग पाऊण-एक तास हात टाळावर, पाय ठेक्यावर आणि तोंडात शेकडो वर्षांपूर्वीचे शब्द. त्या वेळात 'सावरलात का?' असं कुणी विचारत नाही. बँकेत विचारतात, लग्नाकार्यात विचारतात, आणि तुम्हाला 'हो' म्हणावं लागतं. इथं काहीच म्हणावं लागत नाही. शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस तुम्हाला 'माउली' म्हणून वाकतो आणि तुम्ही घरी येता. यात तुमचं डोकं कुठं गहाण पडलं, मला तरी दिसत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मी अंदाजानं लिहिते. बायको गेल्यावर तुम्ही दहावं-तेरावं केलं नसणार. त्यात चूक काही नाही. पिंडाला कावळा शिवतो का म्हणून माणसं ताटकळत उभी असतात, ते बघितलं की मलाही अण्णांचंच पटतं. पण त्या तेरा दिवसांत आणखी काही घडत असे. घरात चूल पेटत नसे, शेजारून पिठलं-भाकरी येई, रोज कुणी ना कुणी नुसतं येऊन बसे. भटजी गेला त्याबरोबर हेही गेलं. तुम्ही बहुधा एक स्मृतिसभा घेतली असेल, चार माणसं चांगलं बोलली असतील, एखादं झाड लावलं असेल. सभा एका दिवसात संपते हो. दुःखाला एक दिवस पुरत नाही.

आपल्याकडच्या ज्या माणसांनी धर्माशी सर्वात मोठं भांडण केलं, त्यांना हे पक्कं माहीत होतं. जोतीरावांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा भटजीला लग्नातून हाकललं, पण लग्न ओकंबोकं ठेवलं नाही, स्वतः नव्या मंगलाष्टका लिहून दिल्या. आणि 'निर्मिक', म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, मानला. त्याआधी 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्यांनी मूर्ती बाजूला ठेवली आणि तुकोबांचे अभंग ठेवले. गाडगेबाबा देवासमोर बोकड कापणाऱ्यांचं कीर्तनात वाभाडं काढत, पण काढत ते कीर्तनात, 'गोपाला गोपाला'च्या गजरात. बाबासाहेबांचा फोटो अण्णांच्या भिंतीवर असेलच. 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळणारा हा माणूस 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंच्या साक्षीनं दीक्षा घेतो. बावीस प्रतिज्ञांमध्ये देव-अवतार साफ नाकारतो आणि त्याच प्रतिज्ञांमध्ये पंचशील पाळण्याचा शब्दही देतो. धर्माची गरजच नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. माणसाला नीतीनं बांधणारं काही हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यांना दुबळं म्हणायची माझी तरी छाती नाही.

श्रद्धा म्हणजे आधी डोक्यात देव आहे की नाही याचा निकाल लावायचा आणि मग देवळाची पायरी चढायची, असं आपण शाळकरी हिशेबानं धरून चालतो. माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत तसं क्वचित दिसतं. माणसं आधी जाऊन बसतात. निकाल पुढं कधीतरी लागतो, बऱ्याच जणांचा लागतच नाही, आणि त्यांचं काही अडतही नाही. तुमचंही अडलेलं नाही. तुमचं अडलंय ते खोटं बोलण्यापाशी.

एका बाबतीत मात्र जपा. भजनातली माणसं साधी असली तरी त्यांत एखादा शहाणा निघतोच. तो कधीतरी म्हणेल, 'घरात देव ठेवला असता तर वहिनी वाचल्या असत्या.' किंवा 'मागच्या जन्मीचं काही असेल.' तिथं गप्प बसू नका. कॅन्सर का झाला याचं उत्तर त्या देवळात नाही, आणि वारकरी संतांनीही ते असल्या हिशेबात शोधलेलं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, लाज वाटल्याचंही लिहिलंय. कुणाच्या पापावर ते ढकललेलं नाही. नवसानं पोरं होतात म्हणणाऱ्यांची तर त्यांनी थट्टाच केली. जनाबाईनं विठ्ठलाला घातलेल्या शिव्या आजही भजनात गातात, आणि त्या सौम्य नाहीत. तुम्हाला उद्या विठोबावर रागवावंसं वाटलं तर त्याला तिथं परवानगी आहे, हे ध्यानात असू द्या. आणि कुणी दोष काढायला, शांत करायला, अंगारा द्यायला पैसे मागितले तर सरळ अण्णांना फोन लावा. त्या कामात त्यांचा हात कोण धरणार?

तर अण्णा.

त्यांना वाईट वाटेल. वाटणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा विरोधात उभ्या राहिलेल्यांत वारकऱ्यांच्याही काही संघटना होत्या, हे ते विसरले नसतील. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला, हे तर त्यांच्या काळजावर कोरलेलं असेल. ज्या पंढरपुरात चोखोबांची समाधी पायरीपाशी, देवळाबाहेरच राहिली, जिथं दलितांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, तिथं आपला मुलगा टाळ घेऊन निघालाय, हे त्यांना कसं गोड वाटेल? त्यांनी हे सगळं काढलं तर ऐकून घ्या. खरंच आहे ते. 'पण संतांनी समता सांगितली' हे ठरलेलं वाक्य फेकू नका. समता सांगितली होती, आणि दार बंदही होतं.

पण अण्णांना हेही पाठ असणार, की 2013 च्या त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्पष्ट कलम आहे. आणि आपला विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे, हे दाभोलकर प्रत्येक सभेत सांगत असत. अण्णांनीही गावोगाव हेच सांगितलं असेल. ते वाक्य आता त्यांच्या घरातच लागू करायची वेळ आलीय. जड जाईल. लोकांना सांगणं आणि मुलाबाबत सोसणं यात फरक पडतोच.

सांगताना एक पथ्य पाळा. टाळ्या वाजवल्यानं रक्ताभिसरण सुधारतं, तुळस ऑक्सिजन देते, एकादशीनं पोट साफ राहतं, असलं विज्ञान कृपा करून घेऊन जाऊ नका. अण्णा सोलून काढतील आणि मी त्यांच्या बाजूनं असेन. त्यांचं मन वळवायलाही जायचं नाही. 'मी भजनाला जातो, ऑडिटचं खोटं सांगत होतो, मला तिथं बरं वाटतं' एवढं सांगा आणि थांबा. ते म्हणतील, मग मी इतकी वर्षं केलं काय? त्यावर तुमच्याकडं खरं उत्तर आहे. कोप होईल, नवस फिटला नाही, देव बघून घेईल, यातलं एकही भय न बाळगता तुम्ही देवळात बसू शकता. त्या गावातल्या किती जणांना हे जमतं? ही मोकळीक तुम्हाला अण्णांनी दिलीय. त्यांना हे ऐकायला आवडेल की नाही माहीत नाही, पण ते खरं आहे.

आणि सून त्यांचीही गेलीय. दोन वर्षांत त्यावर तुम्ही बापलेक किती बोललात?

माळेबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ती डिकीतून काढा, पाना-टायरच्या शेजारी ती वस्तू बरी नाही दिसत. पण गळ्यात घालायची घाई नको. वारकऱ्यांत माळ घालणं म्हणजे शब्द देणं आहे. मांस-मच्छी सुटते, दारू सुटते, एकादशी धरावी लागते, वारी करावी लागते. सासूबाईंनी मायेनं दिलीय, त्या सक्ती करणार नाहीत. त्यांना सांगा, 'कपाटात ठेवलीय, बघू.' त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त जावई बघितलेत.

वारीला जा. पूर्ण जमत नसेल तर लोणंद ते फलटण चाला, तुमच्याच जिल्ह्यातून वाट जाते. रजा मात्र आत्ताच टाका. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर आहे, तीन आठवड्यांचं काम, बँक एवढी सोडणार नाही. आणि संध्याकाळी तळावरची समाज आरती चुकवू नका. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ असतो, चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्यापर्यंत जातो, तक्रार ऐकतो, जागेवर निकाल लावतो. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, तेही पुकारतात. मगच आरती. तक्रार ऐकल्याशिवाय आरती पुढं न रेटणारं माणसांचं मोठं जमणं मी दुसरं बघितलेलं नाही. तुमच्या अण्णांना हे सांगून बघा, या एका गोष्टीचं ते कौतुक करतील असं मला वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल, की देव न मानणारा माणूस दिंडीत चालेल का. दिंडीप्रमुख ते विचारत नाहीत. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे, पैसे भरले का, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारतील.