कॅरमच्या स्पर्धेसाठी दिव्यांची ट्रॉफी

सोसायटीच्या कॅरम स्पर्धेला ट्रॉफी घरीच बनवतोयस, फार छान! ट्रॉफीच्या खालच्या बैठकीसाठी भांडी बाजारातून पितळी पेला आण आणि तो उपडा ठेव. तिथल्या पितळेला वजन असतं, हातात घेतल्यावर बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

वर ५ मिमी जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट (काचेसारखं दिसणारं प्लास्टिक) उभी बसव. तिच्यावर टोकदार सुईने नाव आणि सोंगट्या कोर. एलईडी खालच्या कडेला अगदी चिकटून हवा. प्रकाश शीटच्या आतल्या आत परावर्तित होत जातो आणि कोरलेल्या रेघांवरच बाहेर पडतो, म्हणून तेवढ्याच रेघा उजळतात. कोरल्याशिवाय मजा नाही, मार्करने लिहू नकोस.

पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन पेन्सिल सेलचे साडेचार होतात, म्हणून जास्तीचा प्रवाह रोखायला प्रत्येक एलईडीला वेगळा १०० ओहमचा रेझिस्टर लाव. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी नको, लवकर उतरते. पितळ वीजवाहक आहे, तेव्हा पेल्याला आतून जाड पुठ्ठा लाव आणि वायरच्या प्रत्येक सांध्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढव. स्विच मागच्या बाजूला घे, आणि सेल बदलायला तळ उघडता यायलाच हवा.