कधी हिरवं, कधी लाल

प्रश्न : आमच्या कोडच्या टेस्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चाचण्या, लॅपटॉपवर पास होतात. सामायिक सीआय सर्व्हरवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं मशीन) मात्र अधूनमधून फेल, पुन्हा चालवल्या की पास! कारण कसं शोधायचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी आपोआप रीरन बंद करा, त्यानं पुरावाच पुसला जातो. तोच कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) घ्या आणि फेल होणारी टेस्ट एकटी ५० वेळा चालवा. एकटी कधीच पडत नसेल, तर बहुधा आधीच्या टेस्टनं डेटाबेसमध्ये काहीतरी मागे सोडलंय. टेस्टचा क्रम रँडम असेल तर लॉगमधला सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) वापरून तोच क्रम पुन्हा लावा, मग निम्म्या-निम्म्या टेस्ट वगळत दोषी गाठा.

एकटीही पडत असेल तर वेळ बघा. रनरचं, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या सीआय मशीनचं, घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. त्यामुळे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेत तिथे कालचीच तारीख असते. टेस्टमध्ये तारीख ठरवून द्या.

एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मिळणारा आकडा) १३७ दिसला तर टेस्टला दोष देऊ नका. प्रोसेस सक्तीनं मारली गेलीय, बहुधा मेमरी संपल्यामुळे. ‘पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) वापरात आहे’ असं आलं तर ८०८० ऐवजी पोर्ट ० मागा, मोकळा पोर्ट सिस्टीम देते.

आणि टेस्टमध्ये दोन सेकंदांचे स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) असतील तर काढाच! गर्दीच्या रनरवर ते पुरत नाहीत. अट पूर्ण होईपर्यंत थांबा, कमाल ३० सेकंद.