कॉलन्या गुलाबी, नळी मात्र कोरी

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पॅन्टोइया अनानाटिस या जिवाणूचं सीआरटीआय हे एन्झाइम ई. कोलायमध्ये बनवलं. ते रंगहीन फायटोईनचं लाल लायकोपीन करतं. सोबत फायटोईन बनवणारी जनुकं दिली की कॉलन्या छान गुलाबी होतात. पण शुद्ध केलेलं एन्झाइम आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं फायटोईन नळीत एकत्र केलं, तर रंगच येत नाही. एफएडी (एन्झाइमला लागणारा मदतनीस रेणू) घातलं, कॅरोटिनॉइड (फायटोईन, लायकोपीन यांचा वर्ग) खराब होऊ नये म्हणून नायट्रोजनही सोडला. काय चुकतंय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: आधी तो नायट्रोजन बंद करा. सीआरटीआय फायटोईनमधून चार टप्प्यांत आठ हायड्रोजन काढतं. ते हायड्रोजन एफएडी घेतं आणि पुढे ऑक्सिजनकडे सोपवतं. ऑक्सिजनच नसेल तर एफएडी भरलेलंच राहतं आणि काम तिथेच अडतं. नायट्रोजन लागतो तो नंतर, अर्क सुकवताना. एनएडीपी हा दुसरा मदतनीस रेणू घालून काही फायदा नाही. एफएडी मात्र घालत राहा, कारण शुद्धीकरणात ते सुटून जातं. 2012 मध्ये या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली, तीही एफएडीविनाच.

दुसरी चूक अल्कोहोलची. फायटोईन पाण्यात पडताच साखळतं, आणि हे एन्झाइम पेशीपटलाला चिकटून काम करणारं. त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. सोयाबीन लेसिथिन आणि फायटोईन क्लोरोफॉर्ममध्ये एकत्र विरघळवा, नायट्रोजनखाली सुकवा, बफर घालून सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवा. तयार झालेल्या लिपोसोममध्येच (पेशीपटलासारख्या स्निग्ध पिशव्यांमध्ये) एन्झाइम आणि एफएडी घाला. नळी अंधारात, 37 अंशांवर, झाकण सैल ठेवून.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर प्रथिन तपासा. 37 अंशांवर ते पेशीत गोळा होऊन बसतं. 18 अंशांवर, 0.1 मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन) देऊन रात्रभर वाढवलं तर विरघळलेला भाग सहसा वाढतो.

मोजमाप डोळ्यांनी करू नका. अर्क हेक्झेनमध्ये घ्या. लायकोपीनची प्रकाशशोषणाची तीन शिखरं 444, 470 आणि 502 नॅनोमीटरच्या आसपास येतात. 470 ला 0.345 शोषण म्हणजे मिलिलिटरमागे साधारण 1 मायक्रोग्रॅम. मधलं शिखर 440 कडे सरकलेलं दिसलं तर तीनच टप्पे झालेत, म्हणजे ते न्यूरोस्पोरीन. फायटोईन 286 ला दिसतं. ते तिथे तसंच पडून असेल, तर पुन्हा लिपोसोमपासून सुरुवात करा.