रिपोर्ट नॉर्मल आहे, मग मान का दुखते?

ब्रिस्बेनमध्ये समुपदेशन करताना आपल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न मी वारंवार ऐकते: "एमआरआय नॉर्मल आला. मग हे दुखणं फक्त माझ्या मनातच आहे का?" अलीकडे तो ज्यांनी विचारला, त्यांची हकीकत ओळख पटणार नाही इतपत बदलून येथे सांगते.

सिग्नलला थांबलेल्या त्यांच्या गाडीला मागून धडक बसली होती. मानेला बसलेल्या अशा हिसक्याला व्हिपलॅश म्हणतात. आठ महिने फिजिओथेरपी घेऊनही दुखणे हटत नव्हते. पहिल्या भेटीत त्या मानेभोवती ओढणी गुंडाळून बसल्या होत्या, आणि मी बाजूने काही विचारले की मान न वळवता कमरेपासून सगळ्याच वळत होत्या. सासूबाईंनी फोनवर "मनावर घेऊ नकोस, म्हणजे थांबेल" असे सांगितले होते, आणि ते त्यांना फार लागले होते.

याच शहरातील क्वीन्सलँड विद्यापीठात मिशेल स्टर्लिंग या फिजिओथेरपिस्ट संशोधिकेने आपली कारकीर्द या दुखण्याच्या अभ्यासात घातली आहे. अपघातानंतर लवकरच तपासलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करताना त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, ज्यांना सुरुवातीलाच तीव्र वेदना होत्या, साधा गारवाही सोसत नव्हता आणि अपघाताची धास्ती सुटत नव्हती, त्यांचे दुखणे रेंगाळण्याची शक्यता अधिक होती. पुढे 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, 172 जणांच्या चाचणीत जुनाट व्हिपलॅशसाठी वीस सत्रांचा व्यायाम एकदाच दिलेल्या सल्ल्यापेक्षा सरस ठरला नाही. स्टर्लिंग त्या चाचणीच्याही सहलेखिका होत्या. नंतर त्यांच्या गटाने नुकताच अपघात झालेल्या 108 जणांवर चाचणी केली. त्यात फिजिओथेरपिस्टनेच व्यायामाबरोबर ताण हाताळायला शिकवले, तेव्हा नुसत्या व्यायामापेक्षा अधिक गुण आला. शरीर आणि धास्ती यांचा विचार एकत्रच करावा, हे माझे जुने मत आहे, आणि एका फिजिओथेरपिस्टच्या संशोधनातून त्याला बळ मिळाले याचे मला समाधान वाटते.

चौथ्या भेटीत मी विचारले, "गाडी चालवताना जास्त दुखतं, की थांबल्यावर?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "थांबल्यावर. सिग्नल लाल झाला की मी आरशात बघते. मागून गाडी येताना दिसली की खांदे वर चढतात. ती गाडी थांबली, तरी ते खाली येत नाहीत."

बोलता बोलता त्यांचे खांदे खरोखरच वर गेले होते. मी ते त्यांना दाखवले. त्यांनी ओढणीच्या आत हात घालून मान चाचपली आणि म्हणाल्या, "ताई, म्हणजे मी रोज त्याच धडकेची वाट बघतेय."

"मग हे स्नायू आवळलेत, ते खोटं आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी त्यांना रडू दिले, कारण आठ महिन्यांत त्यांच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवला होता तो बहुधा त्या क्षणी.

नॉर्मल एमआरआयचा अर्थ इतकाच की, तपासणीत चिंताजनक इजा दिसली नाही. सावध झालेली मज्जासंस्था त्या चित्रात दिसत नाही, आणि तिने निर्माण केलेली वेदना खरीच असते. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. एरवी मान जपून धरून ठेवण्याऐवजी हळूहळू वापरात आणावी, आणि ज्या प्रसंगाची धास्ती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जावे. आम्ही उभ्या गाडीत बसून सावकाश श्वास सोडण्यापासून सुरुवात केली, मग घराजवळचा एकच सिग्नल घेतला. काय चालले आहे ते त्यांच्या संमतीने फिजिओथेरपिस्टनाही कळवले, कारण दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की माणूस आणखी गोंधळतो. घरच्यांना मी एवढेच सुचवले की "अजून दुखतंय का?" याऐवजी "आज कुठे जाऊन आलीस?" असे विचारावे.

अकराव्या भेटीला त्या ओढणीशिवाय आल्या. थंडीच्या सकाळी मान अजून आखडते, व्यायामही चालू आहेत. पण मी डावीकडच्या कपाटातून वही काढत असताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा फक्त मान वळली होती.